मिळालेला रविवार आणि राहिलेला खाडा

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे नाव आता महाराष्ट्रात कोणास अपरिचित राहिलेले नाही. २०२३ च्या ऑगस्टअखेर तेथे मनोज जरांगे यांनी मराठा आरक्षणासाठी उपोषण मांडले, १ सप्टेंबरला तेथे लाठीमार झाला, आणि पुढे निजामी अमदानीतील जुनी दप्तरे उघडून ‘कुणबी’ नोंदी शोधण्यासाठी सरकारला समिती नेमावी लागली. पूर्वजांच्या कागदांवरून आज आपला हक्क काय ठरतो, हा प्रश्न त्या गावाने सगळ्या राज्यापुढे ठेवला. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्याच गावी आम्हांस या प्रश्नाची दुसरी बाजू ऐकावयास मिळाली, आणि आजचा विषय आम्ही तेथूनच घेतला आहे.

गेल्या दसऱ्याआधी ऊसतोडीला निघणाऱ्या काही मजुरांची बैठक तेथे होती. आम्ही नेहमीच्या रीतीने बोलत होतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी कशी मिळाली, नारायण मेघाजी लोखंड्यांनी त्यासाठी काय केले, हे सांगून झाले. तेव्हा मागे बसलेली एक वयस्क बाई म्हणाली, “भाऊ, त्यांनी गिरणीवाल्यांना आईतवार मिळवून दिला, लई चांगलं केलं. पण तो आमच्याकडं अजून का आला नाही? आमच्याकडं नुसता खाडाच आहे.”

शहरातील श्रोत्यांसाठी खाडा म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. ऊसतोडीला नवराबायकोची जी जोडी जाते तिला ‘कोयता’ म्हणतात. हंगामाआधी मुकादम तिला उचल देतो, आणि ती उचल तोडलेल्या उसाच्या टनावर फेडावयाची असते. मध्ये एखादा दिवस अंगात ताप आहे, पोटात दुखते आहे, म्हणून फडात गेले नाही तर तो खाडा. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, शिवाय दंड म्हणून काही रक्कम खात्यावर चढते. म्हणजे आपण ज्या दिवसाला सुट्टी म्हणतो, त्याच दिवसाला त्या बाईच्या हिशेबात कर्ज म्हणतात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती. खाड्याची धास्ती हे त्यामागील एक कारण असल्याचे तेव्हा पुढे आले. एवढ्या एका गोष्टीवरून खाडा या लहानशा शब्दाचे वजन कळून येईल.

त्या बाईच्या प्रश्नाला आम्ही जे उत्तर दिले ते आमचे आम्हांसच पुरेसे वाटले नाही. आणि जालन्यास परतल्यावर, एका सळई कारखान्याच्या फाटकापाशी एका तरुण कामगाराने अगदी उलट बाजूने आम्हांस अडवले. तो म्हणाला, “आधीच्या लोकांनी लढून मिळवलं, खरं आहे. पण मी काही त्यांना सांगायला गेलो नव्हतो. त्याचं ओझं माझ्या डोक्यावर का?” एकीकडे ही बाई विचारते, मागच्यांनी मिळवलेले माझ्यापर्यंत का पोचले नाही? दुसरीकडे हा तरुण विचारतो, माझ्यापर्यंत पोचले म्हणून मी काय देणे लागतो? मानवजातीने आजवर जी प्रगती केली, तिच्यामुळे जग आणखी सुधारण्याचे बंधन आपल्यावर येते काय, हाच तो प्रश्न. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा मोठ्या तत्त्वज्ञांच्या वाटेने न जाता, आमच्या धंद्यात जे पाहिले त्याच्याच आधाराने आम्ही हे कोडे उलगडण्याचा प्रयत्न करणार आहोत.

पहिले उत्तर आपल्या परंपरेने तयार ठेवलेले आहे. माणूस जन्मतःच देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण घेऊन येतो, आणि ते फेडणे हे त्याचे कर्तव्य. अलीकडे त्यात समाजाचे ऋण असाही एक शब्द वापरतात. हा विचार उदात्त आहे यात शंका नाही. परंतु मजुरांमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला ‘बापाचे ऋण मुलाने फेडावे’ हे वाक्य ऐकले की दचकायला होते. कारण वेठबिगारीचा पाया नेमका याच वाक्यावर उभा होता. बापाने मालकाकडून पैसे घ्यावेत आणि मुलाने त्याच्या शेतावर जन्मभर राबावे, ही रीत मोडण्यासाठी १९७६ साली आपल्या संसदेला वेठबिगार निर्मूलनाचा कायदा करावा लागला, आणि त्या कायद्याने अशी सर्व कर्जे रद्द ठरवली. मुलाने न घेतलेले कर्ज मुलाच्या माथी मारता येत नाही, हे आपण कायद्याने मान्य केले आहे. मग तो सळई कारखान्यातील तरुण जेव्हा म्हणतो की मी काही मागावयास गेलो नव्हतो, तेव्हा त्याचे म्हणणे आपल्याला सहजासहजी टाकून देता येणार नाही. पूर्वजांना परत करावयाचे ऋण, या अर्थाने आपल्यावर बंधन नाही. आणि ते परत तरी कोणाला करणार? लोखंडे १८९७ साली मुंबईच्या प्लेगमध्ये वारले.

तर मग बंधन नाहीच, असे म्हणून घरी जावे काय? तसे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या म्हणण्याला दुसऱ्या एका समजुतीचा टेका असतो. ती अशी की जग आपोआप सुधारतच असते. नदीचा ओघ जसा खालीच जातो, तसा काळाचा ओघ बऱ्याकडेच जातो. आपण हातपाय हलवले काय आणि न हलवले काय. ही समजूत खरी असती तर आमच्यासारख्या माणसांना केव्हाच निवृत्त होता आले असते. पण कामाच्या तासांचा इतिहास काय सांगतो ते पाहा.

१८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. त्याच १८७५ साली मुंबईत गिरण्यांची पाहणी करण्यासाठी पहिले फॅक्टरी कमिशन नेमले गेले. एकीकडे सुशिक्षित लोक संध्याकाळी व्याख्यान ऐकू लागले, आणि दुसरीकडे गिरणीतील मूल पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत साच्याशेजारी उभे होते. १८८१ चा कायदा झाला तो केवळ मुलांपुरता: सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये, आणि बारा वर्षांखालील मुलाकडून नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये. मोठ्या माणसाला मर्यादाच नव्हती. १८८४ च्या सप्टेंबरात लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठवला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अपघात झालेल्यास मदत, अशा मागण्या त्यात होत्या. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या; आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने ती पक्की झाली.

पुढे १९११ साली कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषाला बारा तासांची मर्यादा आली. १९१९ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत साऱ्या जगासाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असा करार झाला. परंतु त्याच करारात हिंदुस्थानसाठी निराळे कलम घालून साठ तासांचा आठवडा ठेवण्यात आला. ते साठ तास १९२२ च्या कायद्याने आले, १९३४ साली ते चोपन्न झाले, आणि अठ्ठेचाळीस व्हावयास १९४६ साल उजाडले. मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे असताना ती दुरुस्ती पुढे आली, आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ती कायम केली. म्हणजे जगाने जे १९१९ साली मान्य केले ते आपल्या मजुरापर्यंत पोचावयास सत्तावीस वर्षे लागली. तेव्हाचा आपला जालना तर निजामाच्या राज्यात. इंग्रजी मुलखातील कायदा आमच्या जिनिंग कारखान्यांना आपोआप लागूही होत नसे. ओघ आपोआप वाहतो असे म्हणणाऱ्यांनी ही सत्तावीस वर्षे कोणत्या नदीत मोजावयाची ते सांगावे.

आणि मिळालेले टिकतेच असेही नाही. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची कमाल मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, असे सांगण्यात आले, आणि ते खरेही आहे. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरपासून चार नव्या कामगार संहिता अंमलात येऊन १९४८ चा कायदा त्यांत विलीन झाला. या बदलांचा बरावाईटपणा हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. येथे सांगावयाचे इतकेच की १९११ साली मोठ्या कष्टाने जो बाराचा आकडा मिळाला होता, तोच एकशे चौदा वर्षांनी पुन्हा कागदावर दिसू लागला. प्रगती ही जिन्यासारखी नसते, की एकदा वरच्या पायरीवर पाय ठेवला म्हणजे खालची पायरी नाहीशी झाली.

ती कशासारखी असते, हे जालनेकरांना शेजारच्या एका तलावावरून कळण्यासारखे आहे. निजामी काळात घाणेवाडीचा तलाव बांधला गेला आणि त्याचे पाणी जालना शहर पिढ्यान्‌पिढ्या प्याले. बांधणारे गेले. तलाव मात्र गाळाने भरत राहिला, कारण गाळ कोणाची परवानगी विचारून येत नाही. पाण्याची टंचाई दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा नागरिकांनी वर्गणी काढली, यंत्रे लावली आणि गाळ उपसला. ज्यांनी वर्गणी दिली ते तलाव बांधणाऱ्यांचे ऋण फेडीत होते काय? नाही, ते बांधणारे त्यांना ठाऊकही नव्हते. ते पाणी पीत होते, म्हणून गाळ काढणे त्यांच्याकडे आले. आमच्या मते बंधनाचे खरे मूळ येथे आहे. मेलेल्या माणसाने आपल्याला कर्ज दिले म्हणून नव्हे, तर आपण आज एका सामाईक वस्तूचा उपभोग घेत आहोत म्हणून. त्या तरुणाने सुट्टी मागितली नव्हती हे खरे. पण तो ती घेतो. पाणी प्यावयाचे आणि गाळाला मात्र ‘मी हा तलाव बांधा म्हणून सांगितले नव्हते’ असे म्हणावयाचे, हे चालणार नाही.

येथपर्यंत त्या तरुणाला उत्तर झाले. परंतु त्या बाईचे उत्तर अजून राहिले आहे. कारण कोणी म्हणेल, ‘ठीक आहे, ज्या तलावाचे पाणी आम्ही पितो तो आम्ही सांभाळू. पण ज्यांच्यापर्यंत त्याचे पाणी पोचतच नाही, त्यांच्यापर्यंत ते नेण्याचे बंधन आमच्यावर कोठून आले?’

याला आमची दोन उत्तरे आहेत. पहिले देवीच्या रोगाचे. आमच्या लहानपणी गावातील वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर देवीचे वण सर्रास दिसत. आजच्या मुलाला ते दाखवावयाचे तर शोधत फिरावे लागेल. इंग्लंडात जेन्नरने १७९६ साली लस टोचून पाहिली. उपाय सापडला, पण रोग जगातून जावयास १९७७ साल यावे लागले. आपल्या देशातील शेवटचा रोगी १९७५ सालचा, जगातील साथीचा शेवटचा रोगी १९७७ साली सोमालियातला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने रोग संपल्याचे जाहीर केले. १९६७ पासून जी मोठी मोहीम झाली तिचे मर्म असे की लस शेवटच्या वस्तीपर्यंत नेली गेली. कोठेतरी एका खेड्यात रोग शिल्लक आहे तोवर लंडनच्या माणसालाही धोका राहत होता. शेवटच्या माणसापर्यंत पोचलेली प्रगती सर्वांना निर्धास्त करते. मध्येच थांबलेली प्रगती कोणालाच करीत नाही. मजुरीचेही तसेच आहे. ज्या गावात सुट्टी मागणाऱ्याला दंड होतो, त्या गावचा भुकेला माणूस उद्या कारखान्याच्या फाटकावर ठेकेदाराकडून कमी दरात, जास्त तासांवर उभा राहतो, आणि आतल्या माणसाचे आठ तास त्याच दिवशी डळमळू लागतात. ही गोष्ट आम्ही पुस्तकात वाचलेली नाही, डोळ्यांनी पाहिली आहे.

दुसरे उत्तर अधिक अडचणीचे आहे. आपण ज्याला प्रगती म्हणतो तिची किंमत पुष्कळदा ज्यांना ती मिळाली नाही त्यांनीच मोजलेली असते. पैठणजवळ जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लाल बहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मराठवाड्याच्या कोरड्या भागाला त्या पाण्याने नवा श्वास दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु नाथसागराच्या तळाशी अनेक गावांची घरे, पार आणि काळी जमीन आहे. त्या पाण्यावर गोदाकाठी ऊस वाढला. उसामागून साखर आली. आणि ऊस तोडावयास कोयता घेऊन माणसे निघाली, ती बहुधा कोरडवाहू रानातली. आपल्या चहातील साखरेला त्या बाईच्या खाड्याचा स्पर्श झालेला आहे. तेव्हा ‘तिच्याशी आमचा संबंध काय’ हे विचारण्याची सोय आपल्याला उरत नाही.

आता प्रश्न उरतो तो मापाचा. हे बंधन सर्वांवर सारखे आहे काय? आमच्या मते नाही. ज्याने जितके घेतले त्याच्याकडे तितके येणे. त्या बाईवर प्रगतीचे कसलेही बंधन नाही; तिला आपणच देणे लागतो. सळई कारखान्यातील त्या तरुणावर थोडे आहे. आणि दिवे लागल्यावर, पोटभर जेवून, उद्याच्या पगाराची चिंता न करता दोन तास व्याख्यान ऐकू शकणाऱ्या आपल्यासारख्यांवर त्याहून पुष्कळ अधिक आहे. शिवाय बंधन म्हणजे सर्वस्वाचा त्याग असेही नव्हे. चळवळीत सर्वस्व देणारे थोडेच असतात, आणि त्यांच्या भरवशावर राहणारी चळवळ फार काळ टिकत नाही.

मापात बसणारे बंधन कसे असते याचा एक नमुना महाराष्ट्रानेच घालून दिला आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लाखो हातांना काम देताना वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. शहरातल्या कारकुनाच्या, शिक्षकाच्या, कामगाराच्या पगारातून थोडी रक्कम कापावयाची आणि तीतून खेड्यातल्या माणसाला कामाची हमी द्यावयाची, असा तो बेत. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला, आणि २००५ साली सबंध देशासाठी तसा कायदा करताना संसदेपुढे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. त्या योजनेत भ्रष्टाचार झाला नाही, असे आम्ही म्हणणार नाही. हजेरीपटावरची खोटी नावे आम्हीही पाहिली आहेत. पण ज्या दिवशी शहराने आपल्या पगारपत्रकावर खेड्यासाठी एक ओळ मान्य केली, त्या दिवशी ‘आम्ही घेतले म्हणून आम्ही देणे लागतो’ हे वाक्य व्याख्यानातून उठून कायद्यात जाऊन बसले.

मग ऊसतोडीच्या बाबतीत काय करता येईल? अशक्य असे काहीच नाही. २०२४ च्या जानेवारीत वाटाघाटीने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. म्हणजे बोलणी होऊ शकतात. परंतु दर वाढला तरी खाडा राहिला. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मजुरांसाठी १९७९ साली कायदा झाला होता. पण जालन्याहून कोल्हापूरला जाणारा मजूर राज्याची सीमा ओलांडत नाही, म्हणून तो त्यात बसला नाही. तेव्हा मागावयाचे ते असे. प्रत्येक कोयत्याची आणि उचलीची लेखी नोंद व्हावी, स्त्रीचे नाव नवऱ्याच्या नावाखाली न दडवता स्वतंत्र लिहावे. आठवड्यातून एक दिवस बिनदंडाचा असावा, आणि आजारपणाचा व बाळंतपणाचा खाडा कोणत्याही खात्यावर चढू नये. याला कोणती नवी विद्या लागत नाही. १८८४ च्या अर्जात जे लिहिले होते, जवळजवळ तेच पुन्हा लिहावयाचे आहे. फक्त सह्या आता निराळ्या लोकांच्या हव्यात. त्या मजुरांच्या तर हव्यातच, पण आपल्याही हव्यात.

मानवजातीची मागची प्रगती आपल्याला आज्ञा करीत नाही. मेलेली माणसे आज्ञा करीत नसतात. पण ती एक गोष्ट सिद्ध करून ठेवते, की हे होऊ शकते. १८९० पूर्वी ‘मजुराला सुट्टी दिली तर गिरण्या बुडतील’ असे म्हणता येत होते, आणि म्हणणाऱ्याला ते कदाचित प्रामाणिकपणे खरेही वाटत असेल. आज तसे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. गिरण्या रविवारने बुडाल्या नाहीत. अज्ञानाची ती सबब मागच्या पिढ्यांनी आपल्याकडून काढून घेतली आहे, आणि आपल्यावर बंधन पडते ते याचमुळे. जे अशक्य होते ते न करणाऱ्याला दोष नाही; जे शक्य आहे हे ठाऊक असून आणि त्याचे फळ स्वतः चाखून जो ते दुसऱ्यासाठी करीत नाही, त्याला मात्र आहे.

अंतरवालीहून निघताना त्या बाईला आम्ही म्हणालो होतो, “मावशी, आईतवार येईल, पण तो चालत येणार नाही, आणावा लागेल.” ती हसून म्हणाली, “मग आणा की. आम्ही बी हातभार लावू.” दसऱ्यानंतर ती फडावर गेली. पुढच्या दसऱ्याला आम्ही पुन्हा तेथे जाणार आहोत. तोपर्यंत आपण शहरातल्या लोकांनी काय केले, हे ती विचारल्यावाचून राहणार नाही. आणि त्या वेळी सांगण्यासारखे काहीतरी आपल्याजवळ असावे, एवढीच या व्याख्यानाच्या निमित्ताने आपणां सर्वांस विनंती आहे.